राखणदाराच्या वाट्याची विडी

शिमग्याला पंधरा दिवस राहिले असताना गणपत राऊळ मिलच्या संडासात विडी ओढताना सापडला.

तशी मिलच्या संडासात सगळेच विडी ओढत. विडीवाचून पोट साफ होत नाही, हा गिरणगावातला सिद्धान्त होता आणि तो खोटा ठरवायला कुणाला सवड नव्हती. पण गणपत ब्लोरूमचा माणूस. ब्लोरूम म्हणजे गाठी फोडून कापूस पिंजायचं खातं. तिथे कापूस जमिनीवर, कापूस हवेत, कापूस माणसाच्या भुवयांवर. एक ठिणगी पडली तर खातं जाईल आणि खात्याबरोबर चौदा माणसं जातील. म्हणून त्या खात्यातल्या माणसाने विडी-काडी फाटकावर ठेवून आत यायचं, असा नियम होता. गणपतने तो मोडला, आणि तोही अर्ध्या विडीसाठी. उरलेली अर्धी त्याच्या कानावर होती.

खात्याच्या मुकादमाने, जॉबर सीतारामने, त्याला दंडाला धरून सायबापुढे उभं केलं. सायबाने कागदातली मान वर न करता सांगितलं, "पुन्हा सापडला तर नाव काटून टाक."

परत येताना सीताराम म्हणाला, "गणपत, माझ्या मामाच्या गावचो म्हणान एकदा सोडलंय. पुढच्या खेपेक मी तुका ओळखूचंय नाय."

नाव कटलं की खोली गेली. काळाचौकीच्या त्या चाळीतल्या सगळ्या खोल्या मिलच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर, नळाच्या बाजूची शेवटची खोली गणपतची. तीत गणपत, त्याची बायको रखमा आणि धोंडूमामा अशी तीन माणसं राहत. धोंडूमामा गणपतचे सख्खे मामा. तीस वर्षं मिलमध्ये साच्यावर कापड विणण्यात काढून आता तपकीर ओढत गॅलरीत बसून असत. गावी घर होतं, पण त्याचं छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी गुरांच्या मांगरावर येऊन बसलं होतं.

रखमाने सगळं ऐकून घेतलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "विडी सोडा, नायतर माका सोडा. दोघींक एका खोलीत ठेवूक मिल देवची नाय."

गणपतला खोकलाही होता. सुरुवातीला दोन कोरडे ठसके, मग थोडा थांबून तिसरा लांब, तळातून विहिरीचा गाळ उपसल्यासारखा. चाळीतली माणसं त्या खोकल्यावर घड्याळ लावत. पावणेचारला जिन्यावर खोकला आला की पहिली पाळी सुटून गणपत घरी पोचला, असं धरायचं.

अच्युत कंपाउंडर खालच्या दवाखान्यात औषधं बांधून देई. मूळचा गिरगावातला, शिकलेल्या घरातला. रखमाने नवऱ्याला त्याच्यापुढे नेऊन बसवलं.

"असं एकदम सुटत नाही, गणपतराव," अच्युत म्हणाला. "तयारी करावी लागते. आधी एक तारीख ठरवा. मग चार लोकांना सांगा, म्हणजे लाजेने तरी पाळाल. घरातल्या काडेपेट्या लपवा. विडीच्या दुकानावरून जाऊ नका, दुसरा रस्ता धरा. आणि दिवसात केव्हा केव्हा तलफ येते ते आठवून ठेवा. त्या त्या वेळी तोंडात दुसरं काहीतरी टाका. बडीशेप, खोबरं, काहीही."

"किती दिवस त्रास होता?" गणपतने विचारलं.

"पहिले पाच दिवस फार. मग कमी कमी होत जातो. मी चार वेळा सोडलीय, मला अनुभव आहे," असं म्हणून अच्युतने सिगरेटची राख पुडीच्या कागदावर झाडली.

गणपतने धुळवडीची तारीख धरली. फुलाबाईच्या विडीच्या टपरीवरून जायचं टाळण्यासाठी तो मशिदीच्या गल्लीने वळसा घालू लागला. चकमक त्याने कुशाबाला देऊन टाकली. चार लोकांना सांगायचं होतं, ते त्याने चाळीच्या सभेतच सांगितलं: संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत विडीला शिवणार नाही.

असल्या शपथांना तेव्हा तोटा नव्हता. कुणी दाढी राखली होती, कुणी साखर सोडली होती. शेजारच्या कुशाबाने महाराष्ट्र होईपर्यंत बायकोशी बोलणं सोडलं होतं, आणि चाळीत त्यालाच सगळ्यांत कडवा मानत. त्याच्या बायकोची, शकूची, त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

धोंडूमामांना मात्र ही सभेतली शपथ पसंत पडली नाही. तपकिरीची चिमूट नाकाशी धरून ते म्हणाले, "लोकांका सांगितलंस. देवाक कोणी सांगितला? गाऱ्हाणा घालूक व्हया. नायतर शपथ वाऱ्यार जाता."

"खंयच्या देवाक?"

"विडीचो देव कोण? राखणदार."

गावाच्या शिवेवर राखणदार असतो. कांबळं पांघरून, हातात काठी घेऊन तो शिवेवरून फेऱ्या घालतो, भलतंसलतं आत येऊ देत नाही. त्याला वर्षाला जाड भाकरीचा रोट द्यायचा, माडाची माडी द्यायची आणि विडी-काडी ठेवायची. बाकी देवांना फुलं चालतात. ह्याला विडी लागते. रखमाच्या माहेरी तर वाटेने जाताना शिवेच्या दगडावर एक विडी ठेवल्याशिवाय तिचे वडील पाऊल पुढे टाकत नसत.

"पण तो शिवेचो देव," रखमा म्हणाली. "शीव सोडून तेका हंय कित्याक बोलावतास, मामांनू? मगे तो परत कसो जातलो?"

"गे, शीव म्हणजे हद्द. मुंबैची हद्द अजून ठरली खंय आसा? दिल्लीत कागद पडलेलो आसा. ठरात तेवा जायत."

धुळवडीच्या सकाळी मामांनी मोरीच्या वरचा कोनाडा शेणाने सारवून घेतला. त्यात पानावर एक विडी आणि एक काडी ठेवली. कुशाबा आणि गावची तिघं माणसं हात जोडून मागे उभी राहिली. गाऱ्हाण्यात बाईमाणसाने बोलायचं नसतं, म्हणून रखमा चुलीपाशी बसली. मामांचा आवाज एरवी तपकिरीने बसलेला, पण गाऱ्हाण्याला तो कुठून तरी दुसरीकडून येई.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यो तुजो गणपत पोटासाठी मुंबैक इलो, तुज्या पायाकडे उभो रवलो आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आजपास्ना तेच्या तोंडातली विडी तुजी. तेच्या वाट्याचो धूर तू घे, तेची तलफ तू घे, जा काय बरावाईट आसात ता तू घे, आणि तेका मोकळो कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मुदत सांगायची वेळ आली तेव्हा मामा क्षणभर अडखळले आणि मग सभेत रोज ऐकलेलं तोंडाला आलं ते त्यांनी सगळंच्या सगळं घालून टाकलं. "मुंबै, बेळगाव, कारवार, निपाणीसकट संयुक्त महाराष्ट्र होयसर ही विडी तुजी, म्हाराजा! तेच्या उपरांत तेची तेका परत दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ह्या "होय"मध्ये पाच पुरुषांचे आवाज होते. रखमाला सहा ऐकू आले. पण ती त्या वेळी भात उतरवत होती.

पहिले चार दिवस अच्युतने सांगितले तसेच गेले, फक्त जास्त वाईट. गणपतचा हात मिनिटामिनिटाला कानाकडे जाई आणि रिकामा परत येई. अंगाला घाम. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत. खोबरं चावून चावून जबडा दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी तो संडासात इतका वेळ बसला की बाहेर डालड्याच्या डब्यांचा मोर्चा जमला. "गणपत, संयुक्त महाराष्ट्र हयच होतलो काय रे?" असं कुणीतरी ओरडलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तो रडला. बाप मेला तेव्हाही न रडलेला माणूस ताटावर बसून मिठासाठी हुंदके देत होता, आणि रखमा त्याच्या पाठीवरून हात फिरवत मीठ वाढत होती.

कोनाड्यात रोज सकाळी ती एक विडी आणि एक काडी ठेवी. आदल्या दिवशीची उचलून खिडकीतून टाकी.

पाचव्या सकाळी आदल्या दिवशीची विडी नव्हती. म्हणजे होती, दोऱ्यापर्यंत जळलेली. शेजारी काडी, काळी पडून वाकलेली. पानावर राखेचा लहानसा ढीग होता, न विस्कटलेला, जसा सावकाश ओढणाऱ्या माणसाचा पडतो.

रखमाने नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. मग बोटांचा. मग सदऱ्याचा.

"काय गे?"

"तुमी वढलास."

"आवशीची शपथ, वढूक नाय."

"मगे मामांनी?"

"माझी तपकीर माका पुरे," मामा गॅलरीतून म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता. गावी राखणदाराला ठेवलेल्या विड्या दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्या गुराखी नेतात, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावर गुराखी कुठला?

गणपतची तलफ त्याच दिवशी गेली. अच्युत म्हणाला होता कमी कमी होईल. ही कमी झाली नाही, कुणीतरी येऊन उचलून नेल्यासारखी गेली. त्याने भाकरी चार खाल्ल्या आणि पालथा पडून झोपला.

रखमाला नवऱ्याच्या शपथेवर विश्वास नव्हता, कारण सासू जिवंत असतानाही तो तिचीच खोटी शपथ घेई. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा राममंदिरात गेल्यावर तिने कोनाड्यातली विडी पाहून घेतली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि दारासमोर गॅलरीतच कुळीथ निवडत बसली. शेजारी शकू आपलं सूप घेऊन येऊन बसली. फाल्गुनातलं ऊन कठड्यावरून आत आलं होतं. खाली नळावर कुणी नव्हतं. दुपारी साडेतीनला चाळीत जेवढा आवाज असतो तेवढाही नव्हता.

आधी काडी ओढल्याचा आवाज आला. मग दाराखालून वास आला.

"भावजींनी परत धरली काय गे?" शकूने विचारलं.

रखमाने कनवटीची किल्ली चाचपली. दाराच्या फटीतून निळा धूर येऊन उन्हात सरळ उभा राहिला. आणि आत कुणीतरी खोकलं. दोन कोरडे ठसके. मग थोडा थांबून तिसरा लांब, तळातून गाळ उपसल्यासारखा.

"बघ, घरातच आसत," शकू म्हणाली. "एवढा काय ता कुलपात घालूचा? माझो घो बोलणा नाय तरी मी तेका उघडोच ठेवतंय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि गणपत वर आला. केसांत कापूस, हातात डबा. खोकला नव्हता. पावणेचार झाले होते.

शकूने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, सूप तिथेच टाकलं आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावली. आतून तिचा आवाज आला. ती नवऱ्याला हाका मारत होती, पण तो शपथेमुळे ओ देत नव्हता.

रखमाने कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. विडीचा लाल ठिपका कोनाड्यात होता, आणि तो त्यांच्यादेखत एकदा मोठा झाला, एकदा लहान झाला, आणि विझला.

त्या रात्री तिघेही गॅलरीत झोपले. "ह्या असा चलूचा नाय," रखमा म्हणाली. "माका माझी खोली व्हयी." दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पाळीला गेल्यावर तिने कोनाडा गोमूत्राने धुतला, पान फेकलं, विडी फेकली आणि तिथे खोबरेल तेलाची बाटली ठेवली. धोंडूमामा नको नको म्हणत राहिले. "तेचा तेका मिळाला नाय तर तो मागूक जातलो, गे." "जावंदे खंय जाता ता," ती म्हणाली.

तो मिलमध्ये गेला.

साडेअकराचा सुमार असेल. गणपत गाठीच्या लोखंडी पट्ट्या तोडत होता. नाकाला फडकं बांधलेलं. यंत्रांच्या घरघरीत माणसाला आपला आवाजही ऐकू येत नाही, पण वास येतो. तेलाचा, कापसाचा. आणि मध्येच विडीचा.

सगळ्यांना एकदम आला. चौदा माणसं एकदम जागच्या जागी थांबली. सीताराम खात्याच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला. त्याने यंत्र बंद करायला लावलं आणि सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. सगळ्यांचे डोळे गणपतवर होते, तेव्हा सीतारामचेही तिकडेच गेले.

"पुढे ये. तोंड उघड."

गणपतने तोंड उघडलं. सीतारामने नाक आत घालून वास घेतला. मग टोपी काढून झटकली. मग बंडी काढायला लावली, मग चड्डीचे खिसे उलटे करायला लावले. मग पाय उचलायला लावून तळवे पाहिले, बैलाचे नाल पाहावे तसे. चौदा माणसांपुढे गणपत एका पायावर उभा होता. काही सापडलं नाही. कानामागेही नाही.

"हात."

गणपतने डावा हात पुढे केला. मग उजवा.

उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या मध्ये काही नव्हतं. तिथून धूर निघत होता. बारीक, निळा, सरळ वर. बोटांच्या फटीत लहानसा ठिपका लाल होत होता आणि मंद होत होता, ओढल्यासारखा. गणपतला चटका बसत नव्हता. त्याने बोटं झटकली. धूर जागचा हलला नाही. तीन हातांवर पिंजलेला कापूस कंबरभर पडला होता.

सीताराम मालवणकडचाच. त्याने एकदा पाहिलं आणि झटकन स्वतःच्या दोन्ही पंज्यांत गणपतची बोटं झाकून धरली. तो वाकला आणि त्या बंद पंज्यांना, गणपतला नव्हे, म्हणाला, "हय नको, म्हाराजा. हय कापूस आसा. घराक चल, तुजा तुका देतंव."

मग सगळ्यांकडे वळून तो ओरडला, "काय बघतास? फाटकावरून वास इलो. यंत्र चालू करा!" आणि गणपतच्या कानाशी म्हणाला, "तेची विडी तेका दी. परत जर तो हय इलो तर मी तुझा नाव काटतलंय. आणि माझ्याच हातान काटतलंय, कारण मगे काटूक खातांच रवाचा नाय."

सीतारामच्या तळव्यांना पुढे महिनाभर पट्टी होती. मशीनचं लागलं, असं त्याने दवाखान्यात सांगितलं.

पाळी सुटायच्या आधीच घरी येऊन गणपतने सांगितलं तेव्हा रखमाने तेलाची बाटली काढली आणि दोन्ही हातांनी विडी ठेवली. "चुकला," ती कोनाड्याला म्हणाली. पावणेचारला काडी ओढल्याचा आवाज आला. तिघेही भिंतीकडे पाठ करून चहा पीत बसले.

माणसाला कशाचीही सवय होते. मुंबईत तर लवकर होते. दसऱ्यापर्यंत त्या घराला चौथ्या माणसाची सवय झाली. गणपत अंगाने भरला. जिना चढताना दम लागेना. मिलच्या डॉक्टरने त्याची छाती दोनदा ठोकून पाहिली आणि पहिल्या वेळी दुसऱ्याच कुणाची ठोकली की काय अशी शंका घेतली. विड्यांचा कट्टा मात्र त्यालाच आणावा लागे. फुलाबाई टपरीवरून हसे, "सोडलीस म्हणे, आणि कट्टो कोणासाठी?" "पावण्यांसाठी," असं म्हणून तो मान खाली घाली. अच्युतच्या तयारीत हे कुठेच बसत नव्हतं.

कोनाड्यातला खोकला वाढत होता. गणपतचा जेवढा गेला तेवढा तिकडे गेला, आणि वर थोडा वाढला. पावसाळ्यात तर तो ऐकवेना. रखमा दुपारी एकटी असे. नवऱ्याचा खोकला भिंतीतून यायचा आणि नवरा मिलमध्ये असायचा. पहिले काही दिवस ती कानांवर हात ठेवी. मग एक दिवस भाकऱ्या थापताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पाणी देव काय?" खोकला थांबला. त्या दिवसापासून ती कोनाड्यात विडीजवळ पाण्याचा पेला ठेवू लागली. संध्याकाळी तो अर्धा असे.

हिवाळ्यात महाराष्ट्र होणार, मुंबईसकट होणार, असं नक्की झालं. चाळीला आनंद झाला. गणपतला जास्त झाला. तलफ नव्हती, पण हक्क आठवत होता. "एक तारखेक माझी विडी माका परत," तो बोटांवर दिवस मोजत म्हणे.

"परत कित्याक व्हयी?" रखमा म्हणे. "सीताराम जॉबर नाकान हुंगता."

"एकच वढतलंय. बोललंय तेवढा पाळलंय. आता माझा माका मिळाक नको?"

एकच म्हणजे किती, हे रखमाला माहीत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशीही त्याने तिच्या भावाला "एकच" म्हणून सांगितलं होतं.

एक मे साठच्या साली रविवारी आला. मिल बंद. चाळीवर गुढ्या, पताका, खाली लेझीम. दाढ्या उतरल्या. कुशाबाने चौदा महिन्यांनी बायकोकडे वळून पहिला शब्द उच्चारला, "चा टाक." शकू म्हणाली, "एवढ्यासाठी आणलास महाराष्ट्र?" आणि तिने बोलणं सोडलं.

साडेतीनला तीच माणसं गणपतच्या खोलीत जमली. अच्युतही पेपर काखेत मारून दारात उभा राहिला. गणपतने धुतलेला सदरा घातला होता. मामांनी कोनाड्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि तो दुसरीकडून येणारा आवाज आला.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"महाराष्ट्र झालो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"बोलल्यापरमाण हेची विडी हेका परत दी, हेच्या वाट्याचा जा काय घेतलंस ता परत दी, आणि तू तुज्या शिवेर जा, म्हाराजा!"

"होय" म्हणायला माणसांनी तोंडं उघडली, आणि कोनाडा खोकला. दोन कोरडे ठसके. मग इतका वेळ काहीच नाही की खालचं लेझीमही थांबल्यासारखं वाटलं. मग तिसरा. तो थांबेचना. तेरा महिन्यांचा सगळा गाळ त्यात होता, आणि तो आता काठापर्यंत आला होता, ओतायच्या बेतात. पाण्याचा पेला थरथरत होता. गणपतचा हात आपोआप आपल्या छातीवर गेला. सदऱ्याखाली काहीतरी जागा करून घ्यायला लागलं होतं.

पण दुसरा हात त्याचा नव्हताच. तो कोनाड्यात गेला, त्याने विडी उचलली आणि गणपतच्या ओठांत ठेवली.

"अहो, नको!"

रखमा चुलीपासून उठली होती. गाऱ्हाण्यात बाईने बोलायचं नसतं. कुणीतरी "गप" म्हटलंही. ती पुरुषांच्या मधून पुढे आली आणि कोनाड्यासमोर पदर खोचून उभी राहिली, नळावर भांडताना उभी राहते तशी.

"मामांनू, धुळवडीक काय बोललास? सगळा बोला. मुंबै, आणि?"

मामांचे ओठ हलले. "मुंबै... बेळगाव..."

"आणि?"

"कारवार. निपाणी."

"मुंबै इली. बेळगाव खंय आसा? कारवार खंय आसा? ह्या विडीत जो तंबाखू आसा तो निपाणीचो. ती निपाणी खंय आसा?" ती दाराकडे वळली. "अच्युतदादा, तुमचो पेपर काय म्हणता?"

अच्युतने पेपर उघडला नाही. "ते राहिलंय, वहिनी," तो म्हणाला. "तेवढं राहिलंय."

खाली लोक बेळगावासाठी हळहळत होते. बेळगाव न आल्याचा आनंद झालेली बाई अख्ख्या नव्या राज्यात त्या दिवशी एकच असेल. ती कोनाड्याकडे वळली आणि तिने हात जोडले.

"मुदत भरूक नाय, म्हाराजा. विडी तुजीच."

खोकला थांबला.

गणपत विडी ओठांत धरून उभा होता. त्याची मान किंचित पुढे झाली. सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी अगदी हलक्या हाताने, पोराच्या तोंडातला खडा बापाने काढावा तशी, ती विडी त्याच्या ओठांतून काढून घेतली. विडी हवेत नव्हती, कोनाड्यातही नव्हती. मग काडी ओढल्याचा आवाज आला, आणि कोनाड्याच्या अंधारात लाल ठिपका मोठा झाला.

पावणेचार वाजले होते.

गणपतची छाती खाली बसली. त्याने एक लांब श्वास घेतला. तो साफ आत गेला आणि साफ बाहेर आला.

"चुकला-माकला माफ कर, म्हाराजा," मामा कसेबसे म्हणाले.

"होय म्हाराजा!" ह्या वेळी रखमाही म्हणाली.

गणपत पुढे पुरी नोकरी करून, मिलचा फेटा आणि नारळ घेऊन रिटायर झाला. सीतारामने त्याला फाटकावर मिठी मारली आणि जुन्या सवयीने वासही घेतला. धोंडूमामा गेले. खोली मिलने परत मागितली नाही, ती त्यांच्याकडेच राहिली. मोरीवरच्या कोनाड्यावर दर दिवाळीला पांढरा रंग द्यायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो काळा व्हायचा.

बेळगावची बातमी पेपरात आली की रखमा तेवढं पान काढून घेते आणि स्टोव्ह पेटवायला वापरते. राखणदाराला वाचता येत नाही, असं धोंडूमामा सांगत. पण तिचा भरवसा नाही. दुपारी तिचा नवरा बिनघोर घोरत असतो. ती पेला भरून ठेवते. भिंतीतला खोकला आता फार म्हातारा झाला आहे. तिसऱ्या ठसक्यानंतर तो हल्ली बराच वेळ थांबतो, काहीतरी विचारल्यासारखा.

"येतला, येतला," रखमा म्हणते. "बेळगाव येतला. तुका घाय कित्याक?"